यशराजची अकरा दिवसांची सावड

सयाजी मोरे यांचा मुलगा यशराज चिखलात उतरलेला वाडीत कोणी पाहिला नव्हता. भातलावणीच्या आठवड्यात त्याला दरसाल काहीतरी व्हायचं. शाळेत असताना ताप, महाडच्या कॉलेजात असताना प्रॅक्टिकल, आणि एमआयडीसीत प्रयोगशाळेच्या नोकरीला लागल्यावर जादा पाळी. पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या वाडीत लावणी सावडीवर चालते. आज सगळे मिळून तुमच्या खाचरात, उद्या सगळे मिळून माझ्या. मजुरी कोणी देत नाही, घेत नाही. दिवसाच्या बदल्यात दिवस आणि दुपारची भाकरी. यशराजचे दिवस त्याची आई मंजुळा भरायची, म्हणजे स्वतःचे धरून दुप्पट वाकायची.

अशा माणसाला ऑस्ट्रेलिया सरकारने सोडत काढून बोलावलं. एक वर्षाचा व्हिसा, त्याचं नाव 'काम आणि सुट्टी'.

"काम का सुट्टी?" सयाजींनी विचारलं.

"दोन्ही, बाबा."

"दोनी एकदम कसं? कामावर असताना सुट्टी घेतली तं गेल्या साली तुझा पगार कापला ना रे?"

यशराजने सुटसुटीत योजना सांगितली. पहिल्या वर्षी शेतावर अठ्ठ्याऐंशी दिवस काम केलं की दुसऱ्या वर्षाचा व्हिसा मिळतो. म्हणजे पहिलं वर्ष काम, दुसरं वर्ष सुट्टी. सयाजींच्या कानात यातला एकच शब्द राहिला.

"शेतावर? तू?"

मंजुळा हसली नाही. तिने बॅगेत सुकटीची चटणी भरली, ती विमानतळावर काढून घेतली गेली आणि यशराज टास्मानियाला पोचला.

तिथे एका मोठ्या बागायती कंपनीत तो चेरी तोडू लागला. घरी पाठवलेल्या फोटोंत तो शिडीवर उभा असायचा. सयाजी ते फोटो गावात कोणाला दाखवत नसत, कारण दाखवले की पहिला प्रश्न ठरलेला असे: "मग हितं काय झालं होतं?"

कंपनीच्या कुंपणापलीकडे ग्रॅहम नावाच्या म्हाताऱ्याची छोटी बाग होती. बायको वारलेली, मुलगी दूर शहरात. चेरी पिकली आणि त्याच आठवड्यात तिची तोडणी करणारी टोळी दुसरीकडे निघून गेली. पावसाचा अंदाज होता. पिकलेल्या चेरीवर पाऊस पडला की ती फुटते. यशराजने कुंपणावरून पाहिलं, म्हातारा एकटाच शिडी इकडून तिकडे ओढत होता. मग त्याने कंपनीतून अकरा दिवसांची रजा घेतली आणि कुंपण ओलांडलं. सात वर्षं सावड चुकवणाऱ्याला नेमकी तिथेच सावड का आठवली, याचा खुलासा त्याला आजही करता येत नाही.

अकराव्या दिवशी शेवटची पेटी भरली. ग्रॅहम पाकीट काढू लागला.

"नको," यशराज म्हणाला. "आमच्याकडे पैसे घेत नाहीत. तुम्ही आमच्याकडे या, अकरा दिवस."

"कशाला?"

"भात लावायला."

ग्रॅहमने मान डोलावली. यशराजला वाटलं, म्हातारा गमतीला दाद देतोय.

व्हिसा संपायला आठ दिवस उरले तेव्हा त्याने दुसऱ्या वर्षाचा अर्ज उघडला. त्याच्या हिशेबाने बरोब्बर अठ्ठ्याऐंशी दिवस झाले होते. अर्जाने प्रत्येक दिवसाची पगारपावती मागितली. पावत्या निघाल्या सत्त्याहत्तर. बिनपगारी काम हे काम नाही, असं तिथल्या कायद्याचं स्पष्ट मत होतं. मंजुळाला हे कळतं तर तिने त्या कायद्याला दोन शब्द सुनावले असते.

एकच वाट होती. ग्रॅहमकडून त्या दिवसांची मजुरी आता रीतसर घ्यायची आणि पावती करून घ्यायची. यशराजने घरी फोन केला.

"सावडीचं पैसं?" सयाजी म्हणाले. "घे. मग हितं लावणीला कोन येतो ते मी बघतो."

"बाबा, वाडीत कोण सांगणार आहे?"

"तुझी आई. ती आत्ता पान्यावर चाललीय."

तरीही यशराज बँक खात्याचा नंबर लिहिलेला कागद खिशात घालून ग्रॅहमकडे गेला. म्हाताऱ्याने दार उघडलं तेव्हा त्याच्या पायांत नवे, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट होते. ते तो घरात घालून सवय करत होता. फ्रिजवर तिकीट चिकटवलेलं होतं, मुंबईचं, जुलैच्या पहिल्या आठवड्यातलं.

"भात लावताना डावा पाय पुढे का उजवा?" त्याने विचारलं.

कागद खिशातच राहिला. यशराजने सांगितलं, "मागे मागे जायचं असतं."

व्हिसा संपला, यशराज घरी परतला. जुलैत ग्रॅहम वाडीत आला. बूट पहिल्याच खाचरात रुतले, पाय निघाले, बूट राहिले. उरलेले दिवस तो सगळ्यांसारखा अनवाणी होता. त्याच्या शेजारी यशराज वाकलेला. पाहुण्याला एकट्याला चिखलात उतरवून आपण ताप आणायचा, हे त्यालाही जमेना. बांधावरून शकूआत्या, म्हणजे सयाजींची बहीण, म्हणाली, "मंजुळे, बघून घे गो! ह्याला वाकवायला परदेशातून मानूस आनावा लागला."

अकराव्या दिवशी दुपारी भाकरी खाताना शकूआत्यानेच ग्रॅहमला खुणांनी आणि चार शब्दांत सगळं सांगून टाकलं: व्हिसा, पावत्या, फ्रिजवरचं तिकीट. ग्रॅहमने भाकरी खाली ठेवली.

"बोलला का नाहीस?"

"तुम्ही बूट घेतले होते," यशराज म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ग्रॅहमने महाबळेश्वर पाहायला जायचं ठरलं होतं. आंबेनळी घाटाने जायला गाडी सांगून ठेवली होती. सकाळी गाडी येऊन उभी राहिली आणि हा खाचरात. संध्याकाळपर्यंत त्याने मान वर केली नाही. परत जाताना सगळ्यांना नमस्कार केला, बूट मंजुळाला दिले. ती आता ते घालून गोठा काढते.

तो गेल्यावर सयाजी ओटीवर बसून बोटांवर दिवस मोजू लागले. पुन्हा मोजले.

"बारा झालं," ते म्हणाले. "एक दिस आपल्यावर फिरला."

"बाबा, त्याने आपणहून केलं."

"म्हनून काय झालं? ठेवायचा नाय कोनाचा. जाऊन फेडून ये."

"एका दिवसासाठी? व्हिसा पर्यटकांचा मिळेल, फार तर तीन महिन्यांचा."

सयाजींनी विचार केला. वर्षभर अडकलेली गोष्ट त्यांना पहिल्यांदाच सुटल्यासारखी दिसली.

"मग बरोबर हाय," ते म्हणाले. "एक दिस काम, बाकी सुट्टी. हे आधी सांगितलं असतंस तं कळलं असतं."