अण्णांच्या ट्रकला बटणाची काच

दसऱ्याच्या दिवशी मी माझ्या सख्ख्या वडिलांना ट्रकच्या केबिनमध्ये कोंडलं, आणि तेही आत धूप पेटलेला असताना. हेतू चांगला होता. (आमच्या घरात माझ्या हेतूबद्दल कोणालाच शंका नसते. सगळे घाबरतात ते त्यानंतर जे होतं त्याला.)

ट्रक अण्णांचा. लोणंदचा कांदा वाशीच्या मार्केटात आणण्यात त्यांची तीस वर्षं गेली. धंदा बंद झाला, आम्ही सानपाड्याला फ्लॅटमध्ये राहायला गेलो, पण ट्रक काही त्यांनी विकला नाही. शिरवण्याला नामाकाकांच्या मोकळ्या जागेत तो उभा असतो. नामाकाका तिथले मूळचे, अण्णांचे जुने दोस्त. दर रविवारी अण्णा जाऊन ट्रक चालू करतात, दहा मिनिटं स्टिअरिंगवर हात ठेवून बसतात आणि घरी येऊन निवांत जेवतात. आईचं म्हणणं असं की लग्नानंतर इतकं तिच्याजवळही ते कधी बसले नाहीत.

यंदा अण्णांचा उजवा खांदा धरला. हात खांद्याच्या वर जाईना, आणि काचेचं हँडल फिरवताना तर चेहरा असा होई की बघवत नसे. मला वाईट वाटलं. मला वाईट वाटलं की मी मोबाइलवर व्हिडिओ बघतो. दोन रात्री बघितले आणि जाहीर केलं, "अण्णा, तुमच्या ट्रकला मी बटणाची काच बसवतो. बोट लावलं की खाली, बोट लावलं की वर."

"तू?" अण्णा म्हणाले.

एवढंच म्हणाले. पण त्या एका शब्दात माझी शाळेपासूनची सगळी प्रगतिपुस्तकं होती. मी बेलापूरला एका ऑफिसात बसतो. विजेशी माझा संबंध पंख्याचं बटण दाबण्यापुरता. तरीही मी हट्टाला पेटलो. चाळीशी उलटलेल्या माणसाला वडिलांनी एकदा तरी 'जमलं की रे तुला' म्हणावं असं वाटतं. मला तर फारच वाटत होतं.

माझी बायको वैशाली म्हणाली, "एखाद्या वायरमनला बोलव ना. उगाच टेन्शन कशाला?"

नामाकाका म्हणाले, "येकदा गॅरेजवाल्याला तरी इचार रं."

मी दोघांकडेही त्या व्हिडिओतल्या माणसासारखं हसून बघितलं.

नवरात्राच्या सुट्ट्यांत मी कामाला लागलो. ड्रायव्हरच्या बाजूचं दार आतून उघडलं, जुनं हँडल काढलं, काच उचलणारी मोटर बसवली, वायर ओढली आणि डॅशबोर्डवर लाल बटण लावलं. ट्रकखाली बघतो तर बॅटऱ्या दोन. एक स्टेपनी असावी, असं मी ठरवलं. (दोन्ही मिळून चोवीस व्होल्ट होतात आणि माझी मोटर बाराची होती, हे ज्ञान मला उशिरा झालं. ज्ञान मला नेहमी धूर निघाल्यावरच होतं.) बटण एकदाच दाबून बघितलं. काच सर्रकन खाली गेली. खाली गेली म्हणजे वरही येईल, एवढा विश्वास माणसाचा यंत्रावर हवाच.

इथे त्या दाराविषयी सांगितलं पाहिजे. त्याची आतली कडी कधीच तुटलेली. अण्णा वर्षानुवर्षं काच खाली करून हात बाहेर काढायचे आणि बाहेरच्या कडीने दार उघडायचे. दुसऱ्या बाजूचं दार एका धडकेनंतर वेल्डिंग करून कायमचं बंद केलेलं, त्याला काचेच्या जागी पत्रा. थोडक्यात, केबिनमधून बाहेर यायची वाट त्या एका खिडकीतून. आणि त्याच खिडकीत मी हात घातला होता.

दसऱ्याला सकाळी आम्ही शिरवण्याला गेलो. ट्रक धुतला, झेंडूच्या माळा बांधल्या. आईने पुढे पाट मांडून त्यावर सगळी हत्यारं पुजली: पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, हातोडी. हळदकुंकू, फुलं, आपट्याची पानं. आमच्याकडचा नियम असा की एकदा हत्यारं पुजली की नारळ फुटेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. मार्केटात असताना एका दसऱ्याला अण्णांनी पंक्चर झालेला ट्रक तसाच उभा ठेवला होता, पण पाना उचलला नव्हता. ते कौतुकाने सांगायचे, आम्ही कौतुकाने ऐकायचो.

दुसरा नियम, केबिनमध्ये बसून धूप अण्णांनी स्वतः दाखवायचा. ते चढले आणि सवयीने दार धाडकन ओढून घेतलं. माझं काम चालू असल्यापासून ते दार पहिल्यांदाच पुरतं लागलं होतं. अण्णांनी डॅशबोर्डवरच्या देवांपुढे धुपाटणं ठेवलं आणि कापूर पेटवला. तो वाऱ्याने विझला. पुन्हा पेटवला, पुन्हा विझला.

याच क्षणाची तर मी वाट बघत होतो. "अण्णा, काच वर घ्या. बटण दाबा, लाल."

अण्णांनी बटण दाबलं. दुप्पट विजेवर ती काच जी उसळली, ती थाडकन वरच्या चौकटीत जाऊन बसली. नामाकाका दोन पावलं मागे सरकले. आईने टाळी वाजवली. आणि काचेपलीकडून अण्णांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. काय सांगू, माझे डोळे भरून आले.

धूप दाखवून झाला. अण्णांनी पुन्हा बटण दाबलं. 'टक' असा आवाज झाला. परत दाबलं, परत टक. मग टकही होईना. डॅशबोर्डखालून एक निळसर धुराची रेघ वर आली, आणि तिला धुपाचा वास नव्हता.

"काही नाही," मी म्हणालो, "मी बाहेरून उघडतो." कडी फिरवली. कडी फिरली, पण दार हललं नाही. (माझी वायर आत कुलपाच्या सळईला वेढा घालून बसली होती. मी ओढताना 'थोडी अडकतेय' असं वाटलं होतं, म्हणून जोर लावला होता.) मी दोन्ही हातांनी कडी ओढली. पाय दाराला लावून ओढली. आत अण्णा खोकले.

"आधी त्यो धूप इझवा," आई ओरडली.

अण्णांनी मान हलवली. काचेतून आवाज बारीक आला, "देवाफुडचा धूप आपल्या हातानं इझवत न्हाईत."

"आवं, जीव गुदमरंल तुमचा."

"न्हाई गुदमरत."

आणि मग ते इतके खोकले की त्यांना स्टिअरिंगवर डोकं टेकावं लागलं. शहात्तर वर्षांचा माणूस, बाहेर ऑक्टोबरचं ऊन, आत धूप आणि जळकी वायर. एक बटण, दोन व्हिडिओ, आणि मी वडिलांना मारून बसणार, हेच डोक्यात फिरत होतं.

"बॅटरीची वायर काढ पयली," नामाकाका म्हणाले. "आग लागंल."

ती काढायला पाना हवा. पाना पाटावर. मी वाकलो तर आई मध्ये उभी. तिचे डोळे वाहत होते, पण ती हलेना. "नारळ फुटला न्हाई अजून. आज अपशकुन नगं रं. आजच्या दिशी नगं."

"आई, अण्णा आत आहेत."

"म्हनूनच सांगतीया."

मी अण्णांकडे बघितलं, ते तरी काही म्हणतील म्हणून. ते आतून बोट नाचवून मलाच बजावत होते, की पान्याला हात लावू नकोस! खोकत होते आणि बजावत होते.

"फुडची काच फोडू का?" नामाकाकांनी दगड उचलला. अण्णांनी आतून दोन्ही हात जोडले. ती काच आता मिळत नाही.

वैशालीने पाटाजवळचा नारळ उचलून माझ्या हातात दिला. "हे हत्यार नाहीये. मार बाजूच्या काचेवर. अण्णा, तोंड फिरवा."

मी सगळा जोर लावून नारळ बाजूच्या काचेवर मारला. फाटकन आवाज झाला. पाणी माझ्या शर्टावर, खोबरं पायाशी, दोन सरळ भकलं. काचेला ओरखडाही नाही.

मग आईने पदराने डोळे पुसले आणि शांतपणे म्हणाली, "फुटला नारळ. झाली पूजा. उचल आता पाना."

मी पाना घेऊन ट्रकखाली शिरलो. पाना दोनदा निसटला, पण बॅटरीची वायर सुटली आणि जळका धूर थांबला. बाहेर येऊन हातोडी उचलली. धुरामुळे आतलं काही दिसत नव्हतं. नुसते दोन तळवे काचेला चिकटलेले दिसले. तिथे घाव घालायचा कसा? मी हातोडी वर धरून तसाच उभा राहिलो. आयुष्यात इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात ते तळवे खाली सरकले, आणि तळव्यांबरोबर काचही. अण्णांनी नुसतं दाबून खाली ओढलं आणि काच मुकाट्याने दारात उतरली. काचेला मोटरवर धरून ठेवणारी पट्टी मी आवळलीच नव्हती. व्हिडिओत ते शेवटी होतं, आणि शेवटपर्यंत मी एकही व्हिडिओ बघितलेला नाही.

धुराचा लोट बाहेर आला, मागोमाग अण्णांचं डोकं. दार तरीही उघडेना, म्हणून मी पाठ वाकवून खिडकीखाली उभा राहिलो. नामाकाकांनी आणि वैशालीने त्यांना आधार दिला. दुखऱ्या खांद्याने कण्हत ते माझ्या पाठीवर उतरले, तिथून जमिनीवर. आईने पाणी दिलं. मी त्यांचे पाय धरले आणि रडलो, अगदी उघड. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

संध्याकाळी सोसायटीतले लोक सोनं द्यायला घरी आले. बातमी आधीच पोचलेली. जो तो अण्णांना विचारी, "कसे वाचलात हो?"

अण्णा मला जवळ बोलावत, पाठीवर थाप मारत आणि अभिमानाने सांगत, "ह्याच्यामुळं. ह्यानं काम नीट केलं असतं, तर मी आज आतच राहिलो असतो."

चारचौघांत वडिलांनी माझं केलेलं हे पहिलं कौतुक. मी खाली मान घालून ते आठ वेळा ऐकलं, आणि नवव्या पाहुण्याला तर स्वतःच जिन्यातून बोलावून आणलं.