साबणाचा फेस आणि मुहूर्ताचं दूध

आज सकाळी आमच्या नव्या स्वयंपाकघरात गॅसची पाइप जोडायला परवाना असलेला फिटर आला. त्याने प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावला. एका ठिकाणी बुडबुडा फुगला. त्याने पाना फिरवला, पुन्हा फेस लावून बघितला. दोन मिनिटं लागली असतील.

मी भिंतीला टेकून रडायला लागले. तो बिचारा घाबरला. "एनातरी अक्का?" तो कानडीत म्हणाला, मग मराठीत, "काय झालं?"

काय झालं ते तुम्हाला सांगते.

ऐंशीच्या दशकात आम्ही दाजीबानपेठेत राहायचो. माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, हट्ट करून वडिलांकडून, अप्पांकडून, नवा ओटा बांधून घेतला. सिलिंडर बाहेर, पाइप भिंतीतून आत. एजन्सीचा फिटर सोमवारी येणार होता आणि दूध उतू घालायचा मुहूर्त होता शुक्रवारचा. म्हणून अप्पांनी गोकुळ रोडवरच्या ओळखीच्या वेल्डरकडून पाइप जोडून घेतली.

पातेलं ठेवताना अक्का थबकली. "वास येतोय का गं?"

मी म्हटलं, "रंगाचा असेल. पेटव लवकर, मुहूर्त टळतोय."

तिने काडी ओढली.

भडक्यात भाजलेली अक्का चौथ्या दिवशी दवाखान्यात वारली. अप्पा मरेपर्यंत स्वतःलाच दोष देत राहिले. तिने मला विचारलं होतं, हे अक्काने कुणालाच सांगितलं नाही. मीही अप्पांना कधी सांगितलं नाही.

तुमच्या घरात कुणी "वास येतोय का" विचारलं, तर तुम्ही काय म्हणता हो?