माझ्या आलेखातला उंचवटा

विद्यापीठात आमच्या मजल्यावर नळाला पाणी सकाळी तासभर यायचं, आणि आम्ही सात संशोधक विद्यार्थी दिवसभर पाण्यावर संशोधन करायचो. खरं पाणी नव्हे. कॉम्प्युटरच्या आत काही हजार रेणू सोडायचे, त्यांना नियम घालून द्यायचे आणि तापवलं, निववलं की ते कसे वागतात ते महिना महिना बघत बसायचं. सुट्टीला निपाणीला गेले की आई विचारायची, "पाणी गार व्हायला म्हयना लागतो व्हय गं?" इतका नेमका प्रश्न आमच्या सातांत कुणी कधी विचारला नाही.

या कामात एक रिवाज आहे. रेणू सुरुवातीला गोंधळलेले असतात, म्हणून पहिल्या काही दिवसांचे आकडे टाकून द्यायचे. पाणी स्थिरावलं की मग मोजायचं. रिवाज चांगला, पण तो आमच्या सरांच्या हाती पडला होता. सरांना जे आवडायचं नाही ते स्थिरावलेलं नसायचं. उलट बोलणारा विद्यार्थी स्थिरावलेला नसायचा, त्यांचा लेख परत पाठवणारं मासिक तर अजिबातच नसायचं.

तिसऱ्या वर्षी माझ्या आलेखात एक उंचवटा आला. अरुंद नळीत कोंडलेलं पाणी गार करत नेलं, की एका ठराविक तापमानाला ते अपेक्षेपेक्षा जास्त उष्णता सोडत होतं. मी चार वेळा सगळं नव्याने चालवलं. चारही वेळा उंचवटा तिथंच. मला इतका आनंद झाला की मेसमध्ये मी दोनदा भात मागून घेतला. अडचण एवढीच, की सरांच्या जुन्या, गाजलेल्या लेखात त्या जागी सरळ रेघ होती.

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "लई घाई करतीस बघ. पाणी स्थिरावलं न्हाय अजून. पहिले धा दिवस टाक."

टाकले. उंचवटा होता.

"वीस टाक."

होताच.

"अजून थोडं टाक गं."

महिन्यातले दोन दिवस उरले, तेव्हा ठिपके इतके मोजके आणि विस्कटलेले होते की त्यांतून काहीही काढता आलं असतं. सरांनी छापील कागदावर पट्टी ठेवून सरळ रेघ ओढली. "आता बघ कसं निवांत झालंय."

मी भांडले नाही. प्रबंधावर सही त्यांची लागणार होती, आणि माझ्या वडिलांनी, आप्पांनी, निपाणीत मला केव्हाच डॉक्टर करून टाकलं होतं. मी घाबरले, एवढंच. रेघ प्रबंधात गेली, प्रबंधावर कॉलेजात नोकरी लागली, टिळकवाडीत घर झालं.

गेल्या महिन्यात परदेशातल्या कुठल्याशा गटाने तोच उंचवटा छापला, त्याच जागी. सरांनी तो लेख आमच्या जुन्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "हे आपल्याकडं आधीच दिसलं होतं. माझं तेव्हापासून लक्ष होतं."

बाकीच्या सहाही जणांनी टाळ्या पाठवल्या. मी लिहिलं, "सर, तो उंचवटा माझा होता. तुम्हीच काढायला लावलात." मग दुसरं वाक्य खोडलं. मग पहिलं. आणि टाळी पाठवली.