नावेत न उच्चारायचा शब्द

परवा सांगलीच्या घाटावर पुराआधीची डागडुजी चालली होती. पालथ्या घातलेल्या होडीला डांबर फासत होते. त्या उग्र, ऊनऊन वासासरशी आष्ट्याकडच्या नदीउतारावरचा म्हातारा नावाडी आठवला आणि भर माणसांत माझी मान खाली गेली.

मला नदीच्या शब्दांचा जाणकार म्हणणारे आजही सांगतात, की साताऱ्याच्या सभेत मी त्या नावाड्याचा मान राखला. साफ खोटे! व्यासपीठावर मी होतो, हे सांगणारे नव्हते.

मास्तरकीच्या दिवसांत रोज त्याच्याच नावेतून कृष्णा ओलांडावी आणि त्याची बोली वहीत उतरवावी, हा माझा परिपाठ. तळात पाणी साचलेली, जपून न्यायची नाव म्हणजे 'बाळंतीण'. चुळबुळ करणारा उतारू म्हणजे 'टिटवी'. भोवऱ्याचे नाव तर नावेत काढायचेच नाही. त्याला म्हणायचे 'पाव्हणा'. "पाव्हणा डाव्या अंगाला हाय रं," एवढेच तो जोडीदाराला सांगे आणि वल्ही मुकाट वळत. पुढे त्या शब्दांचे पुस्तक झाले. 'पाव्हणा'पुढे मी छापले : नावाड्यांची अंधश्रद्धा. त्यामागचे कारण त्याला कधी विचारलेच नव्हते.

सभेला तो धुतलेला पटका बांधून एसटीने आला होता. मी ती नोंद वाचताच मागच्या रांगेतून उठला. "आवं गुरुजी, तसं न्हाई. भवरा म्हटलं की माणसं भिऊन एका अंगाला सरत्यात, नाव कलंडती. म्हून पाव्हणा म्हणायचं."

इतके सरळ, इतके शहाणपणाचे! आणि मी म्हणालो, "नाव हाकणं तुझं, शब्द माझे. बस खाली." सभा हसली. तो बसला. पुढे पूल होईपर्यंत मी लांबच्या वाटेने शाळा गाठली. त्याच्या नावेत पाय ठेवायची छाती झाली नाही.

काल त्याची लेक दारात आली. "आबा गेलं. त्यांचं सबूद तुमच्या पुस्तकात हायेत म्हणं. एक द्या की, नातवंडांस्नी वाचून दावते."

"संपली," मी म्हणालो. आत कपाटात थप्पी होती.

आज सकाळी त्यातली एक प्रत काढली. 'अंधश्रद्धा' खोडले, समासात खरे कारण लिहिले. खाली सवयीने सही करणार होतो. थांबलो, आणि त्याचे नाव लिहिले. ही प्रत संध्याकाळी तिच्या घरी पोचेल. उरलेल्या प्रती गावोगावच्या वाचनालयांत माझेच म्हणणे सांगत राहतील.