पोकळ पृथ्वीवरचे साडूभाऊ

पायाखालच्या जमिनीवर ज्याने आयुष्यात एकदाही भरवसा ठेवला नाही असा एकच माणूस मी पाहिला, आणि तो माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे माझा थोरला साडू. पृथ्वी आतून पोकळ आहे, तिच्या पोटात एक छोटा सूर्य आहे, तो कधी मावळत नाही आणि त्याच्या उजेडात आपल्यापेक्षा शहाणी माणसं सुखाने राहतात, यावर साडूभाऊंची जेवढी श्रद्धा होती तेवढी लोकांची स्वतःच्या आधार कार्डावरसुद्धा नसते. हे खूळ त्यांच्या डोक्यात कुणी घातलं ते कधीच नीट कळलं नाही. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात ते लेथवर होते, तेव्हा बरोबरच्या कुणीतरी एक फाटकं मासिक वाचायला दिलं होतं म्हणे. पुढे मोबाइल आला आणि त्या फाटक्या मासिकाला हजार तोंडं फुटली. निवृत्त झाल्यावर करमाडच्या घराच्या ओट्यावर बसून ते उत्तर ध्रुवावरच्या भोकाचे व्हिडिओ बघत, आणि समोरून जालन्याकडे जाणाऱ्या एखाद्या ट्रकने घर हादरलं की समाधानाने मान हलवत. "भरीव असती तर अशी हादरली असती का? डब्बा वाजतो, पाव्हणं. वीट वाजत नाय."

पुरावा त्यांना कुठेही सापडे. आमच्या घरी सत्यनारायण होता, तेव्हा गुरुजींनी फोडलेला नारळ त्यांनी मधेच हातात घेतला आणि जमलेल्या मंडळींना दाखवला. "देवानं नमुना दिलाय बघा. वर साल, मधी खोबरं, आत पोकळी आन पाणी. तरी माणूस विचारतो, पृथ्वी आतून कशी असंल बुवा!" गुरुजींचा मंत्र तिथेच तुटला तो पुन्हा जुळायला बराच वेळ लागला. दोन्ही घरं मिळून वेरूळला गेलो, तर तिथे लेण्यांबद्दल त्यांचं म्हणणं असं की माणूस बाहेरून आत कोरत गेला हे साफ खोटं. आतली माणसं कोरत कोरत बाहेर आली, इथलं ऊन लागलं, तशी परत गेली. हे ते एवढ्या ठामपणे सांगत होते की नांदेडहून आलेलं एक कुटुंब आपला गाइड सोडून आमच्याबरोबर फिरू लागलं. शेजाऱ्याच्या शेतात बोअर घेताना हे मशीनजवळ उभे राहून ओरडत होते, "अजून घ्या, अजून खाली, समिंदर लागंल!" लागली ती नुसती पांढरी धूळ. शेजारी पुढे बरेच दिवस त्यांना बघून रस्ता बदलायचा.

आणि ते गंगापूरकडचं प्रकरण. तिकडच्या एका गावात जमिनीतून गूढ आवाज येतात अशी बातमी फिरली. साडूभाऊ सकाळच्या एसटीने निघाले आणि भर दुपारी कुणाच्या तरी कपाशीच्या बांधाशी, जमिनीला कान लावून आडवे झाले. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागलं. त्यांनी दोन हंडे पाणी अंगावर ओतलं, कांदा फोडून नाकाशी धरला, आणि हा माणूस हाताने सारखा गप्प बसायची खूण करतोय हे न समजून चौघांनी त्यांना उचलून जीपमध्ये घातलं. ओलेत्याने घरी आले. मी आणि बायको त्या दिवशी करमाडलाच होतो. आक्कांनी, म्हणजे माझ्या मेव्हणीने, टॉवेल दिला आणि मग विचारलं, "मग? काय म्हणत व्हती आतली मंडळी?"

"बोलत व्हती," साडूभाऊ केस पुसत म्हणाले. "पन ह्या लोकांनी ऐकू दिलं नाय."

"बरंच झालं. त्यांच्याकडं बी नळाला आठ दिसाला पाणी येत असंल. तेच रडगाणं ऐकून आला असता."

आक्का अशा. सगळा संसार त्यांनी त्या पोकळीला नावं ठेवत केला, आणि रोज सकाळी त्याच माणसाला दोन भाकरी जास्त थापल्या. साडूभाऊ कुणाशीही वाद घालत, आक्कांशी कधी नाही. "तिला पटायचं नाय. ती लई वरची हाय," असं म्हणत. वरची म्हणजे पृथ्वीच्या वरच्या बाजूची, हे आम्हाला पुढे कळलं.

मग आक्कांच्या पोटात गाठ निघाली. शहरातल्या सरकारी दवाखान्यात खेपा सुरू झाल्या. किमो झाला की त्या दोन दिवस पाणीसुद्धा पोटात ठेवू शकत नसत. त्यांचा मुलगा शेंद्र्याच्या कारखान्यात पाळीवर, त्यामुळे दिवसभर खाटेजवळ साडूभाऊच. या माणसाला लोकांना धीर देणं ठाऊक नव्हतं. होईल बरं, देवावर हवाला ठेव, असली वाक्यं त्यांच्या तोंडी बसतच नसत. त्यांना एकच गोष्ट सांगता येत होती, ती त्यांनी सांगायला घेतली. आत कसा सतत उजेड असतो, तोही ऊन नसलेला. हवा कशी गार. तिथली माणसं शंभर वर्षांची असली तरी काठी धरत नाहीत. मी डबा घेऊन गेलो तेव्हा हे चाललेलं होतं, आणि ज्या आक्का हे ऐकलं की उठून स्वयंपाकघरात जायच्या, त्या डोळे मिटून विचारत होत्या, "तिथं तुरीची डाळ शिजती का लवकर?"

"एका शिट्टीत."

"आन दुखतं का काय?"

"नाय. तिथं दुखत नाय."

पलीकडच्या खाटेवर एक बाई होत्या. डोक्यावरचे केस गेलेले, पदर कपाळापर्यंत ओढलेला. त्या म्हणाल्या, "दादा, जरा मोठ्यानं सांगा ना. मला हितं ऐकू येईना."

साडूभाऊंनी स्टूल दोन खाटांच्या मधे सरकवलं. आयुष्यभर ज्यांना बहुतेक श्रोते हसून उठून जाणारेच मिळाले, त्यांना त्या वॉर्डात पहिल्यांदा कुणी मोठ्याने सांगा म्हटलं. मी डबा खिडकीत ठेवला आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.

आक्का गेल्या त्या दिवशी करमाडच्या घरासमोर तिरडी बांधून तयार होती. भावकी जमली होती, लाकडं स्मशानात पोचली होती. तेव्हा साडूभाऊ पुढे झाले आणि म्हणाले, "जाळायचं नाय. आपल्या शेतात माती द्यायची."

कुणाला आधी कळलंच नाही. मग त्यांचा धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, आपल्यात जाळतेत. येड्यावानी काय करता?"

"जाळलं की धूर वर जातो. वर काय हाय? काय बी नाय. तिला खाली जायचं व्हतं. मी सांगितलंय तिला सगळं. ती तयार झाली व्हती." ते तिरडीचा बांबू धरून उभे राहिले. मुलगा रडत रडत म्हणाला, "बाबा, आज तरी बंद करा ना हे." मागे उभ्या असलेल्या पोरांपैकी कुणीतरी हसलं. भावाने त्यांचा हात बांबूवरून सोडवायला सुरुवात केली आणि साडूभाऊ सोडेनात. सत्तरीला आलेली दोन माणसं, एका प्रेताच्या उशाशी, दात आवळून एकमेकांची बोटं उलगडत होती. मी आजवर त्यांच्यावर एवढे विनोद केले, पण त्या वेळी बघवेना.

माझी बायको बायकांमधून उठून आली. "दाजी," ती म्हणाली, "आक्का मला दवाखान्यात सांगून गेली. म्हणली, मला जाळा. माती दिली तर हे रोज त्या जागेवर जाऊन कान लावून पडतील. उन्हातान्हात पडून राहतील, आन ह्यांना उठवून घरी आणायला मी नसंल."

साडूभाऊंनी बांबू सोडला नाही, पण त्यांचं लढणं थांबलं. "अशी म्हणली?"

"व्हय."

"मग तिला पटलंच नव्हतं म्हण की."

"पटलं नसतं तर खालून तिचा आवाज तुम्हाला ऐकू येईल अशी धास्ती कशाला घेतली असती, दाजी?"

त्यांनी हात काढून घेतला. मुलाने मडकं उचललं. स्मशानात साडूभाऊ सगळ्यांच्या मागे उभे होते, आणि धूर वर चढला तसे तो दिसेनासा होईपर्यंत वर बघत राहिले.

त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. आधी वाटलं, सुतक आहे. तेरावा झाला, वर्षश्राद्ध झालं. ट्रक जातात, घर हादरतं, ते मान हलवत नाहीत. एका लग्नात कुणा भाच्याने मुद्दाम डिवचलं, तर म्हणाले, "कोन बघून आलंय बाबा," आणि पत्रावळीकडे बघून जेवत राहिले. भाचा ओशाळला. आम्हा सगळ्यांनाच काहीतरी हरवल्यासारखं झालं, आणि काय हरवलं ते एकमेकांना सांगायची लाज वाटली.

परवा कामानिमित्त जालन्याला गेलो होतो, येताना करमाडला उतरलो. साडूभाऊंनी स्वतः चहा करून ओट्यावर आणून दिला. साखर फार झाली होती, तरी मी सगळा प्यालो. शेंद्र्याला जमिनीचे भाव कुठे गेले, मुलाची पाळी, गुडघे, असं सगळं बोलून झालं. मग मीच म्हणालो, "साडूभाऊ, त्या ध्रुवावरच्या भोकाचं पुढं काय झालं? काही नवीन निघालं का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी चेष्टा करतोय का, हे ते तपासत होते. करत नाही असं दिसल्यावर त्यांचा चेहरा जास्तच थकला.

"भरीवच असंल, पाव्हणं," ते म्हणाले.

गेली कित्येक वर्षं मी त्यांना हेच पटवत आलो होतो. तासन्‌तास वाद घातले होते, मुलांची भूगोलाची पुस्तकं समोर ठेवली होती. आता ते मान्य करत होते, आणि मला म्हणायचं होतं, नाही हो, असं कसं, एवढे पुरावे आहेत. पण माझ्याजवळ एकही पुरावा नव्हता. ते सगळे त्यांच्याजवळच होते.

"जेवून जा," साडूभाऊ उठत म्हणाले. "पिठलं येतं मला आता."

मी चपला काढून आत गेलो.