काकीचा बसलेला आवाज

परवा सकाळी काकीला बंदरावर घेऊन गेले. पाच महिन्यांनी. हवेत गारवा होता, पाण्यावर पातळ धुकं... त्यातून होड्या एकेक करून अशा बाहेर येत होत्या, जणू कुणीतरी त्यांना आठवून आठवून काढत होतं.

काकी म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको. रत्नागिरीच्या बंदरावर तिने कितीतरी वर्षं मासळीचा लिलाव पुकारला. लहानपणी शाळेत जाताना तिचा आवाज मला पार रस्त्यापर्यंत ऐकू यायचा. शब्द कळायचे नाहीत, नुसता सूर... वाटायचं, समुद्रच भाव सांगतोय.

गेल्या शिमग्याच्या सुमारास तो आवाज बसला. कुणालाच त्याचं नवल वाटलं नाही. लिलाव पुकारणाऱ्या बायकांचे आवाज हंगामाच्या शेवटी बसतातच आणि पावसाळ्यात मासेमारीची बंदी लागली, की दोन महिन्यांच्या विश्रांतीत आपोआप परत येतात. आमच्याकडे घशाचं औषध म्हणजे बंदी.

"बंदी लागू दे, मग बघ कशी ओरडते," काकी म्हणायची. तेही कुजबुजल्यासारखंच. बारीक खोकला होता, तो बर्फाच्या पाण्यामुळे. डावा खांदा दुखायचा, तो टोपल्या उचलून. अंगातला झंपर सैल झाला, तेव्हा शेजारीण म्हणाली, "काय गो, लेकाचं लगीन काढलंस की काय? बारीक व्हायला लागलीस ती."

प्रत्येक गोष्टीला बंदरावर एक उत्तर तयार होतं. मीही त्यातलीच... ज्येष्ठमधाच्या काड्या नेऊन दिल्या आणि काळजी घेतल्याचं समाधान मानलं.

बंदी लागली, बंदी उठली. नारळी पौर्णिमेला सगळ्यांनी समुद्राला नारळ दिला. होड्या गेल्या, भरून आल्या... काकीचा आवाज काही आला नाही.

तेव्हा कुठे आम्ही घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दुर्बिणीतून पाहिलं. घशात गाठबीठ काही नव्हती, पण डावा स्वरतंतू हलत नव्हता. "छातीचा फोटो काढून या," म्हणाले. मला वाटलं, यांची काहीतरी गफलत होतेय. बसलेल्या आवाजासाठी छातीचा फोटो?

नंतर कळलं. आवाजाची एक नस गळ्यातून खाली छातीत उतरते आणि वळसा घेऊन पुन्हा वर येते. काकीच्या डाव्या फुफ्फुसाजवळ एक गाठ होती, ती त्या नसेवर दाब देत होती. सीटी स्कॅन झाला, गाठीचा तुकडा तपासला. फुफ्फुसाचा कॅन्सर... आणि काकीने जन्मात कधी विडीला हात लावलेला नाही. डॉक्टर म्हणाले, तंबाखू ओढणं हे मोठं कारण खरं, पण न ओढणाऱ्यांनाही हा होतो.

म्हणून इथे लिहून ठेवते. तीन आठवड्यांच्या वर टिकलेला खोकला किंवा बसलेला आवाज, थुंकीत रक्त, धाप, छातीत किंवा खांद्यात न जाणारं दुखणं, कारण नसताना उतरणारं वजन... दर वेळी कॅन्सरच असेल असं नाही, बहुतेक वेळा नसतोच. पण फोटो काढायला पाच मिनिटं लागतात. आम्ही पाच महिने घालवले.

गाठीची जागा अवघड, म्हणून ऑपरेशन नाही. आधी केमो, मग रेडिएशन. दर तीन आठवड्यांनी आम्ही कोल्हापूरला जातो. हातखंबा गाव मागे पडलं, की काकी डोळे मिटून घेते, ते थेट हॉस्पिटलच्या दारात उघडते.

चौथ्या केमोनंतर डॉक्टर म्हणाले, गाठ लहान होतेय, अजून दोन घेऊ. आवाजाचं मात्र सांगता येत नाही, कदाचित असाच राहील. येताना घाटात काकी म्हणाली, "आता पुरे गो बाय. आवाज नाय, तर बंदरावर मी काय करू? नि बंदरच नाय, तर ह्या सुया कुणासाठी टोचून घेऊ?"

मी म्हटलं, "एकदा बंदर बघून तरी ये."

डॉक्टरांना विचारलं, आणि डोक्याला रुमाल, तोंडाला मास्क बांधून परवा तिला नेलं. गर्दीपासून लांब खुर्चीवर बसवलं. पण तिच्या जागेवर हल्ली लिलाव पुकारणाऱ्या यशोदेने तिला लांबूनच पाहिलं.

"ये गो, बांगड्याचा ढीग आलाय. पुकार."

"मला कुठला आवाज?"

"तुला आवाज नाय. आम्हाला कान हायत ना?"

काकी उठली, ढिगाशी जाऊन उभी राहिली आणि मास्कमधूनच पहिला भाव बोलली. वाळलेलं पान घासावं तसा आवाज. पुढच्या बायका गप्प झाल्या, त्यांनी मागच्यांना गप्प केलं.

एक व्यापारी कान पुढे करून म्हणाला, "काकी, भाव सांगतेस की मंत्र देतेस?"

"मंत्रच हाय. घेतोस तर घे, नायतर बाजूला हो."

हशा झाला आणि पुन्हा सगळं शांत... बंदराची शांतता मी कधी ऐकली नव्हती. होड्यांचे दोर कुरकुरत होते, पाणी धक्क्याला हलकेच लागत होतं, आणि मधूनमधून काकीची कुजबुज. माणसं पुढे वाकून ती झेलत होती. ढीग गेला. चांगल्या भावाला गेला.

गाडीत बसल्यावर तिने मास्क खाली केला.

"गुरुवारी कोल्हापूरला किती वाजता निघायचं?" तिने विचारलं.

"सहाला," मी म्हटलं.

बंदरावरच्या बायांनो, तुम्ही ही पोस्ट वाचणार नाही, मला ठाऊक आहे. पण परवा तुम्ही ज्या काही मिनिटांसाठी गप्प राहिलात, त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.