सहाव्या आणि सातव्या गाण्याच्या मधलं

उद्धवरावांनी भोसरीच्या कारखान्यात एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढल्या आणि त्याचा पगार घेतला. घरी तेच काम ते फुकट करत. पोळीचा काठ जाड, पडद्याची शिलाई तिरकी, शेजारच्या लग्नपत्रिकेत तीन चुका! माणूस वाईट नव्हता हो. वाईट माणूस एवढी मेहनत कशाला घेईल?

तर रविवारी त्यांच्या मंडळींची, कुसुमताईंची साठी होती. अठरा वर्षांपूर्वी संत तुकाराम नगरातल्या महिला मंडळाच्या स्पर्धेत बाई भावगीत गायल्या आणि पहिल्या आल्या. मंडळाने कार्यक्रमाची सीडी काढली, त्यात सातवं गाणं त्यांचं. पण त्यानंतर बाईंनी घरात कधी गाणं म्हटलं नाही. "घसा गेला आता," म्हणायच्या. उद्धवरावांचा बेत असा, की सीडीवरचं गाणं स्वच्छ उतरवून पाहुण्यांसमोर लावायचं आणि मग बायकोला गळ घालायची. त्यांना तिचं गाणं पुन्हा एकदा समोर बसून ऐकायचं होतं. हे त्यांनी फक्त सुनेला, योगिनीला सांगितलं.

नव्या लॅपटॉपला सीडीची सोयच नसते, म्हणून त्यांनी बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला.

"बाबा, पाच मिनिटांचं काम आहे. द्या, मी करते," योगिनी म्हणाली.

"पाच मिनिटांत उरकणारी माणसं मी आयुष्यभर परत पाठवली," उद्धवराव म्हणाले.

त्यांनी शोधून शोधून एक प्रोग्राम मिळवला. तो सीडीचा प्रत्येक तुकडा दोनदा वाचायचा, जुळलं नाही तर पुन्हा पुन्हा वाचायचा, आणि तरीही जुळलं नाही तर नेमकं कुठे संशय आहे ते लिहून द्यायचा. उद्धवरावांना गहिवरून आलं. असा माणूस त्यांना कारखान्यात एकही मिळाला नव्हता!

तीन दिवस ड्राइव्ह घरघरत होता. "अहो, काय दळताय एवढं?" कुसुमताईंनी विचारलं. "जुने कागद," असं म्हणून त्यांनी वेळ मारून नेली.

सातवं गाणं पहिल्याच फेरीत बिनचूक उतरलं. दुसरा कोणी असता तर तिथेच थांबला असता. पण प्रोग्रामने लिहिलं होतं, सहाव्या गाण्याच्या शेवटी दोन सेकंद संशयास्पद. सहावं गाणं मंडळातल्या शालनबाईंचं.

"आपल्याला सातवंच हवंय ना बाबा? मग सोडा की," योगिनी म्हणाली.

"संशय तो संशय," म्हणत त्यांनी हेडफोन लावला.

शालनबाईंचं गाणं संपलं. टाळ्यांत जरा खरखर होती, तेवढाच दोष. पण टाळ्यांनंतर माइक कोणी बंद केलाच नव्हता. सीडी करणाऱ्याने मधली बडबड सहाव्या गाण्याच्या शेपटाला ठेवून दिली होती, आणि या घरात कायम थेट सातवंच लागायचं. त्यामुळे ती आजवर कोणी ऐकली नव्हती.

"मिस्टर आलेत का गं तुझे?" शालनबाईंचा आवाज.

"नाही, सेकंड शिफ्ट आहे त्यांची." हा आवाज कुसुमताईंचा.

"अरेरे!"

"अरेरे काय? बरं झालं. ते समोर असले की सूर घशातच अडकतो माझा. आज बघ कशी गाते मोकळ्या गळ्यानं."

उद्धवरावांनी ते चारदा ऐकलं. चारही वेळा सारखंच आलं, तिथे चूक नव्हती.

खरं तर ते त्या दिवशी आले होते. अर्धी रजा टाकून, मांडवाच्या मागच्या खांबाशी उभे होते. आणि घरी परतल्यावर, बायकोच्या हातात बक्षिसाचा पेला असताना म्हणाले होते, "छान झालं. वरचा सूर तेवढा जरासा कमी पडला."

अठरा वर्षं ते घशाला दोष देत आले होते. काढेसुद्धा करून दिले होते हो बिचाऱ्यांनी!

रविवारी गाणं लागलं, टाळ्या झाल्या. "आई, आता एक म्हणाच," योगिनीने लावून धरलं. कुसुमताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "नको गं बाई, घसा..."

उद्धवराव उठले. "श्रीखंड कमी पडेल. घेऊन येतो."

"बाबा, फ्रीजमध्ये दोन डबे..."

"पुरणार नाही म्हटलं ना!" त्यांनी चपला घातल्या आणि दार ओढून घेतलं.

एक जिना उतरून ते पायरीवर बसले. बराच वेळ वरून नुसत्या बश्या वाजत होत्या. मग तिने सूर लावला. साठीचा आवाज, पण मोकळा! उद्धवरावांचा ऊर भरून आला.

खालून उशिरा आलेले एक पाहुणे, सोपानराव, पुष्पगुच्छ घेऊन चढत आले. "काय राव, वहिनी गातायत आणि तुम्ही इथे? चला की वर!"

उद्धवरावांनी सरकून त्यांना पायरीवर जागा केली.

"मी गेलो की थांबेल ती," ते म्हणाले.